पाणी सांडलं नव्हतं

"कागद पायरीवर ठेव," वकीलसाहेब म्हणाले. मी ठेवला आणि मागं सरलो.

मागं सर, असं त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नव्हतं. वीस वर्षांचा घोडा झालो होतो, गुलबर्ग्याला इंटर पास झालो होतो, तरी ओट्यावर कुणी सोवळं नेसून उभं दिसलं की पाय आपोआप मागं जायचे.

धाराशिवातली सकाळ. सोमवार. वकीलसाहेब पूजा आटपून बाहेर आले होते. हातात तांब्या होता. ते वाकले, ओंजळीत पाणी घेतलं आणि माझ्या कागदावर शिंपडलं. एकदा. मग पुन्हा एकदा, एखादा कोपरा राहिला असेल म्हणून.

"साहेब, शाई हाय!" मी ओरडलो.

"अरे, हो की," ते म्हणाले. "सवय रे हाताची. तसं मी मानत नाही, तुला माहीत आहे. पण घरात मानतात."

मग त्यांनी कागद उचलला. आता तो उचलण्याजोगा झाला होता. वडी विरघळवून केलेली माझी शाई मात्र पसरली होती. हैदराबादच्या युनिव्हर्सिटीचा प्रवेशाचा अर्ज होता तो, उर्दूतला. पोस्टानं एकच प्रत आली होती. माझं नाव शाबूत होतं. बापाचं अर्धं गेलं होतं. आणि मधला रकाना, कोणत्या कॉलेजात दाखला, म्हणजे प्रवेश, पाहिजे असं विचारणारा, त्यात नुसता निळा डाग उरला होता.

"काय लिहिलं होतंस इथं?"

"डॉक्टरीचं कॉलेज."

ते हसले. वाईट हसले असं म्हणणार नाही. लहान पोरानं चंद्र मागितल्यावर हसतात तसं हसले.

"शिकशील तू. मी कुठं नाही म्हणतो? पण पुढं काय? नाडी कुणाची बघणार? तुझ्या हातात हात कोण देईल? आपल्या जिल्ह्यात तरी कुणी देणार नाही. उपाशी मरशील, बाबा." मग त्यांनी आतून दौत-टाक मागवला. "यंदा बैतारीचं नवं कॉलेज निघालंय. गुरांचे डॉक्टर होतात तिथं. जागा भरायला पोरं मिळेनात, तुझं काम पक्कं. तुझा बाप बैल बडवतो, खच्ची करतो, म्हणजे घराण्याचा हात बसलेला. आणि जनावराला विटाळ नसतो."

जनावराला विटाळ नसतो. त्यांच्या गोठ्यातल्या गाईच्या आचळाला मी हात लावला तर चालणार होतं. त्यांच्या मनगटाला लावला तर चालणार नव्हतं. हे त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी मायेनं.

टीपकागद दाबून त्यांनी डाग सुकवला. त्याच रकान्यात, डागावरच, सुरेख वळणदार उर्दूत लिहिलं, 'बैतारी'. खाली, ओळख देणाऱ्याची तस्दीक लागते त्या जागी, सही ठोकली. कागद परत पायरीवर ठेवला.

आणि मी काय म्हणालो?

"लई उपकार झाले, साहेब."

हे मी म्हणालो. माझ्या तोंडानं. त्यांनी म्हणायला लावलं नव्हतं. आज चार वर्षं झाली तरी ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आमचं गाव लोहाऱ्याजवळ. मांगवाडा गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडं. बा दोर वळायचा, गावातले बैल बडवायचा. माय सुईणपण करायची. गावात आणि आजूबाजूच्या दोन वस्त्यांत कुणाचंही बाळंतपण असो, पाटलाचं, वाण्याचं, बामणाचं, पहिलं बोलावणं मायला. मूल बाहेर यायचं ते मायच्या हातात. नाळ कापायची ती माय. वार पुरायची ती माय. तोवर विटाळ कुठं जायचा कुणास ठाऊक! एकदा मूल रडलं, बाळंतीण सावरली, की विटाळ परत यायचा. मग माय बसली ती जागा धुवायची, गोमूत्र टाकायचं, आणि सुपात जोंधळे घालून सूप लांबून सरकवायचं.

वकीलसाहेब मूळ आमच्याच गावचे. शेती गावात, वकिली धाराशिवात. त्यांचा थोरला मुलगा गावीच झाला होता, मायच्याच हातात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या सोमवारी पायरीखाली उभा होतो तेव्हाही माहीत होतं. पण आठवलं नाही. भीतीनं माणूस स्वतःच्या आईलासुद्धा विसरतो.

वकीलसाहेबांनी मला मदत केली, हे खरं आहे. मी मॅट्रिकला असताना जुनी पुस्तकं दिली होती. गावात आले की चावडीसमोर माझ्याकडं बोट करून लोकांना सांगायचे, "बघा, याला म्हणतात हुशारी!" माझा ऊर भरून यायचा. मी त्यांचं नमुन्याचं पोरगं होतो. प्रदर्शनात बैल उभा करतात, शिंगं रंगवून, तसा मी उभा राहायचो.

गुलबर्ग्याला इंटरला होतो तेव्हा बोर्डिंगात माझा एक सोबती होता, रशीद, मुरुमच्या तांबोळ्याचा मुलगा. युनिव्हर्सिटीचं माहितीपुस्तक त्यानंच मागवलं. कोणतं कॉलेज घ्यायचं याच्यावर आम्ही दोघं महिनाभर भांडत होतो. पुस्तकात एकेका कॉलेजाला एकेक पान. आर्ट्सचं पान सगळ्यांत मोठं. रशीद म्हणायचा, "आर्ट्स छोड. कोर्ट में पेशकार बनके क्या करेगा? इंजिनिअरिंग घे. रस्ते बांध. तू बांधलेल्या रस्त्यावरून सगळे चालतील, मांगानं बांधला हे त्यांना सांगणार कोण?"

मलाही ते पटलं होतं. आठ-दहा दिवस मी मनातल्या मनात लोहारा ते मुरुम पक्की सडक बांधत होतो. रेखाकलेचा सराव पण सुरू केला. पण रात्रंदिवस डोक्यात दुसरंच घोळत होतं.

माझी थोरली बहीण. मी नववीत असताना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मूल आडवं आलं. माय होती, मायचा हात होता, हजार बाळंतपणं केलेला हात. पण आडवं मूल त्या हातानं निघेना. बा लोहाऱ्याला धावत गेला, दवाखान्यात. डॉक्टर म्हणाला, मांगवाड्यात मी यायचा नाही, गाडीत घालून आणा. गाडीत घातलं. अर्ध्या वाटेत ती गेली, मूलही गेलं. बानं गाडी तिथंच वळवली. मायनं त्यानंतर तीन दिवस आपल्या हाताकडं बघत बसून काढले. "हात थिटा पडला रं," एवढंच म्हणायची.

म्हणून मी त्या रकान्यात डॉक्टरी लिहिलं होतं. हौस म्हणून नाही. साहेब व्हावं म्हणून नाही. मायचा हात जिथं थिटा पडतो तिथून पुढं माझा हात सुरू व्हावा म्हणून. बोर्डिंगाच्या ओसरीवर बसून मी तो शब्द पाच वेळा पाटीवर गिरवला आणि मग कागदावर उतरवला. रशीद वाचून म्हणाला, "बस, अब मत बदल." नंतर त्यानं सडकेचं नाव काढलं नाही.

एकच अडचण होती. अर्जाखाली तस्दीक लागायची. अर्जदाराला पाच वर्षांपासून ओळखणाऱ्या, जिल्ह्यातल्या एखाद्या मोअज्जिज माणसाची सही. मोअज्जिज म्हणजे इज्जतदार, अब्रूदार. आता आमच्या ओळखीत अब्रूदार कोण? शाळामास्तरांची सही चालत नव्हती. तहसीलदाराच्या कचेरीत शिपायानं मला फाटकातूनच हाकललं. उरले वकीलसाहेब. त्यांच्या मुलाला कॉलेज निवडताना काय करावं लागलं असेल? जेवता जेवता बापानं विचारलं असेल, त्यानं सांगितलं असेल, संपलं. मी धाराशिवला चालत गेलो. दोन दिवस लागले.

परत येताना अर्ज छातीशी धरला होता. आता त्यावर अब्रूदाराची सही होती.

बाला लई आनंद झाला. "गुरांचा का असंना, डाक्टरच की! सरकारी नौकरी. कुनी हटकायचं न्हाय." त्यानं हातातला दोर टाकला आणि शेजारीपाजारी सांगत सुटला. भावकीतली माणसं गोळा झाली. कुणी माझ्या पाठीवर थाप मारली, कुणी आपल्या म्हशीचं दुखणं सांगायला लागलं.

माय लांब बसली होती. तिनं कागद मागितला. तिला वाचता येत नव्हतं, उर्दू नाही आणि मराठीही नाही. तिनं कागद उजेडाकडं धरला.

"वला का झाला?"

"पाणी सांडलं," मी म्हणालो.

मायनं माझ्याकडं बघितलं. मग बोट कागदावरून फिरवलं, एकेका डागावरून.

"सांडल्यालं पानी एका जागी ऱ्हातं. वगळ येतो त्येला. हे थेंब हायती, हितं, हितं, हितं. हे शिंपडल्यालं हाय. मला शिकवतुस व्हय?"

मी मान खाली घातली. 

"त्येंच्या थोरल्याच्या येळेला," माय म्हणाली, "त्येंची बायकू दीड दिस अडली हुती. म्या न्हाय हालले जाग्यावरनं. पोरगं काळंनिळं निघालं. म्या तोंडानं त्येच्या तोंडात वारा घातला. माज्या तोंडानं! तवा रडलं. आन् मंग म्या उठले, तर ह्यो वकील, तवा तरना हुता, तांब्या घिऊन आला आन् माज्यावर पानी शिंपडलं. कागदावर न्हाय. माज्यावर. डोस्क्यावरनं पानी गळतंय आन् म्या म्हनले, लेकरू औक्षवंत व्हवू द्या. म्याच म्हनले."

तिनं कागद माझ्या मांडीवर टाकला.

"तू काय म्हनलास?"

मी सांगितलं नाही. पण तिला कळलं. तिनं तेच म्हटलं होतं, तर तिला कसं कळणार नाही?

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. वकिलावर राग आला, तो तर आलाच. पण जास्त राग आला तो त्या 'लई उपकार झाले'चा. वीस वर्षांपूर्वी मायच्या तोंडून निघालं तेच माझ्या तोंडून निघालं. मधे मी शाळा शिकलो होतो, उर्दू शिकलो होतो, शरीरशास्त्राचं पुस्तक पाठ केलं होतं. काय उपयोग? जीभ तीच राहिली होती. आणि वरून मी मायला सांगत होतो, सांडलं. म्हणजे वकिलाचं पाप मीच झाकत होतो. त्याला काही करावंच लागलं नाही.

मी दौत काढली.

बा म्हणाला, "आरं, काय करतुस? सही झालीया त्येच्यावर!"

मी बैतारीवर काट मारली. बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं, डॉक्टरी. मग वकिलाच्या सहीवरही काट मारली. बा माझा हात धरायला आला, मायनं त्याला मागं ओढलं. सहीच्या शेजारी मी उर्दूत लिहिलं, 'हा कागद माझ्या हातून आला म्हणून तस्दीक करणाऱ्यानं त्यावर पाणी शिंपडलं आणि माझं कॉलेज पुसून आपलं लिहिलं. अशी तस्दीक मला मंजूर नाही.'  अक्षर बरं आलं.

"आता सही कुनाची घालनार?" बा म्हणाला. तो रडायलाच आला होता. "अब्रूदार मानूस लागतो म्हनलास न्हवं?"

"किती वर्साची वळख लागती?" मायनं विचारलं.

"पाच."

"पाच? म्या तर ह्यो जल्मायच्या आदीपासनं वळखते ह्येला. आन शाई."

तिनं अंगठा बुडवला आणि उमटवला. तस्दीक करणाऱ्याचा पेशा, असा एक रकाना होता. त्यात मी लिहिलं, सुईण.

लोहाऱ्याच्या टपालात मी अर्ज टाकला. परत येताना हलकं वाटत होतं, असं म्हणणार नाही.  बियाणंच खाल्लं की पेरायला काय उरतं, हे मला कळत होतं. बैतारीची जागा पक्की होती. ती मी माझ्या हातानं घालवली होती आणि डॉक्टरीची मिळेल याचा काही भरवसा नव्हता.

अर्ज वीस-बावीस दिवसांनी परत आला. वर लाल शाईत एक ओळ. 'तस्दीक-कुनिंदा मोअज्जिज नहीं.' तस्दीक करणारी व्यक्ती अब्रूदार नाही. खाली, मुदतीच्या आत योग्य सहीनिशी अर्ज आला तर विचार होईल.

मायनं विचारलं, "काय लिवलंय?"

मी सांगितलं. आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून जसंच्या तसं सांगितलं.  तिनं अंगठ्याकडं बघितलं. शाई केव्हाच धुऊन गेली होती.

निजामाची कचेरी. ना तिथं सोवळं, ना तांब्या. तरी त्यांनीही पाणी शिंपडलंच की, लाल रंगाचं.

त्याच आठवड्यात वकीलसाहेबांचा मुन्शी गावात आला. सही का खोडली गेली याची विचारणा युनिव्हर्सिटीनं वकिलांकडंही केली होती, माझी ओळ उतरवून. तो कागद कोर्टात पेशकाराच्या, तिथल्या कारकुनाच्या, हाती पडला आणि त्यानं तो मोठ्यानं वाचला. वकीलमंडळी हसली. त्या दिवसांत वकीलसाहेब हरिजनांच्या उद्धारावर भाषणं करायचे, अंगात खादी आली होती. खाई त्याला खवखवे. मुन्शी म्हणाला, "साहेबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता. मोटारीनं चल."

मोटारीत मी पहिल्यांदा बसलो तो असा.

या वेळी वकीलसाहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. दुसरी खुर्ची रिकामी होती.

"ये. वर ये. बस."

मी ओट्यावर चढलो. खुर्चीवर बसलो नाही, उभा राहिलो. आतल्या दारात कुणीतरी बाई होती, ती झटकन आत गेली. वकीलसाहेबांनी हात पुढं केला. "अर्ज दे." मी दिला. त्यांनी माझ्या हातातून घेतला, थेट. तांब्या कुठं दिसत नव्हता. एवढं सोपं होतं तर!

"लाल शाईचं काय घेऊन बसलास," ते म्हणाले. "हा बघ, मी हैदराबादहून दुसरा कोरा अर्ज मागवलाय. डॉक्टरीचाच भर. मी सही करतो, माझ्या दोन मित्रांच्याही घेतो. मेडिकलमध्ये माझ्या ओळखीचे प्रोफेसर आहेत. तुझं काम झालं समज."

 खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी हैदराबादला पोचलो होतो. पांढरा डगला घातला होता.

"फक्त एक ओळ लिहून दे," ते म्हणाले. "की त्या दिवशी पाणी चुकून सांडलं, आणि तुझा गैरसमज झाला. बस. एका ओळीचा तर प्रश्न आहे. मी ती युनिव्हर्सिटीला पाठवतो, कोर्टात दाखवतो, विषय मिटला. तुझं आयुष्य उभं राहील."

त्यांनी टाक माझ्यासमोर धरला. मी तो घेतला. हो, घेतला मी. कोरा अर्ज समोर होता. रकाना स्वच्छ होता. माझी बहीण डोळ्यांसमोर आली. मला वाटलं, लिही. एक खोटी ओळ, आणि पुढच्या किती बाया वाचतील! वकिलाची अब्रू वाचली तर वाचू दे. तुझ्या बाच्या घरचं काय जातंय?

मग मला डागावर फिरणारं मायचं बोट आठवलं. हितं, हितं, हितं. मी ही ओळ लिहिली तर मायवरचं पाणीही सांडलेलंच ठरणार होतं. आणि उद्या कुणा पोराच्या कागदावर पाणी पडलं, की हेच माझं लेखी दाखवणार. बघा, त्या डॉक्टरानंही लिहून दिलंय, सांडतं कधी कधी.

मी टाक खाली ठेवला.

"साहेब, पानी सांडलं न्हवतं. तुमी शिंपडलं."

त्यांचा चेहरा बदलला. "नाकापेक्षा मोती जड व्हायला लागला! कुणी शिकवलं तुला एवढं? कुणी पुस्तकं दिली? फार पुढं गेलास तू."

"पुढं कुठं गेलो? त्या दिशी मी मागंच सरलो हुतो."

"डॉक्टरी सोडतोस, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"कुणासाठी? एका अंगठ्यासाठी?"

"त्या अंगठ्याच्या मालकिनीनं तुमच्या थोरल्याला तोंडानं वारा घातला, तवा त्यो रडला. त्येला डॉक्टर न्हवता. कुनी सांगितलं न्हसंल त्येला, तर सांगा."

ते उठून उभे राहिले.  मी माझा जुना अर्ज उचलला, लाल शाईचा, डागाचा, अंगठ्याचा. कोरा तिथंच राहू दिला. ओट्यावरून उतरलो. उतरताना पाठ फिरवून उतरलो, तोंड त्यांच्याकडं ठेवून मागं मागं नाही. पहिल्यांदाच. 

मोटार परत सोडायला आली नाही, हे सांगायला नकोच.

मुदत गेली. ते साल गेलं. पुढच्या साली कसलं कॉलेज न् कसलं काय! रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला, गावं उठून सरहद्दीपलीकडं बार्शीकडं पळाली, आम्हीही पळालो. वाटेत सरहद्दीच्या चौकीजवळ एक बाई बाळंतपणात अडली, मायनं झाडाखाली सोडवली. त्या दिवसांत कुणी पाणी शिंपडलं नाही, कारण प्यायलाच नव्हतं. वकीलसाहेब तुरुंगात गेले. खरंच गेले, हाल सोसले, ते मी नाकारणार नाही. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. वकीलसाहेब सुटून आले ते मोठे पुढारी होऊन. धाराशिवात त्यांची मिरवणूक निघाली. सभेत त्यांनी अस्पृश्यता गाडून टाकल्याचं जाहीर केलं. मी गर्दीत मागं उभा होतो. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

त्यांचा थोरला मुलगा वकील झालाय म्हणे. त्यानंच निवडलं.

मी बाबरोबर दोर वळतो. बैलही बडवतो. चोवीस वर्षांचा झालो. भावकीतले लोक म्हणतात, बैतारी घेतली असती तर आज टोपी घालून फिरला असता. बा आता काही म्हणत नाही. मला रोज वाईट वाटतं. रोज. सकाळी दोराला पीळ घालताना हात दुखायला लागले की वाटतं, एक ओळ तर होती. हे मी लपवत नाही. पण तीच ओळ आज पुन्हा समोर आली तर मी पुन्हा टाक खाली ठेवीन. एवढं मला पक्कं माहीत आहे.

परवा टपालानं नवा अर्ज आलाय. राज्य नवं, शिक्का नवा. युनिव्हर्सिटी तीच. रकाना तोच, कोणत्या कॉलेजात दाखला पाहिजे. आणि खाली तीच अट. निजाम गेला पण मोअज्जिज गेला नाही. फक्त आता 'प्रतिष्ठित व्यक्ती' असंही शेजारी लिहिलंय.

मी रकान्यात डॉक्टरी लिहिलं. मायनं अंगठा उमटवला. पेशा, सुईण. जुना अर्जही मी सोबत जोडणार आहे, डागासकट. परत आला तर पुढच्या साली पुन्हा. पंचविसाव्या वर्षी, तिसाव्या वर्षी. वयाची अट ओलांडली तर भावकीतल्या एखाद्या पोराचा भरीन, त्याच्यानंतर आणखी कुणाचा. खाली अंगठा मायचा, आणि माय गेली की माझी सही. अब्रूदार कोण, ते त्यांना शिकावं लागेल. मी बैतारीत जाणार नाही आणि कुणाच्या पायरीवर कागद ठेवणार नाही.

आणि कुणी विचारलं, हा जुना कागद एवढा भिजला कसा, तर तोंडावर सांगीन. धाराशिवात, हैदराबादेत, कुठंही. पाणी सांडलं नव्हतं. शिंपडलं होतं.